धोंडूच्या नावानं बोललेलं

उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत कातळवाडी आहे. तिथं बाहेरचं कुणीही आलं, मग तो तलाठी असो, लस टोचणारा असो की मतं मागणारा, त्याच्या जेवणाची पाळी साळूबाईवर यायची. तिचं घर वाटेवरचं पहिलं होतं हे एक झालं. पण दुसरं असं की वाडीतल्या बाकीच्या बायका परका माणूस दिसला की पदर तोंडाला लावून आत पळत, आणि साळूबाई ओटीवर येऊन कमरेवर हात ठेवून विचारी, "कोन तुमी? जेवून आलाव काय जेवायचं हाय?"

एक्याऐंशी सालच्या थंडीत नीलाताई आली तेव्हाही तिनं हेच विचारलं होतं.

भातं कापून, झोडून झाली होती. नीलाताई पोलादपूरपर्यंत जीपनं आली होती आणि पुढं चालत. जाड भिंगांचा चष्मा, पायांत पुरुषी बूट, आणि मागं दोन गड्यांच्या डोक्यावर दोन लोखंडी पेट्या. पेट्या बघून साळूबाईला वाटलं, बाई लग्नाच्या जेवणाचा संसार घेऊन आली की काय. एकीत टेपरेकॉर्डर होता आणि दुसरीत त्याचे सेल, फिती नि वायरी.

"मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेतून आले," नीलाताई म्हणाली. "आम्ही माणसांचे आवाज गोळा करतो."

"आनि त्याचं करता काय?"

"अभ्यास. प्रत्येक माणसाचा आवाज वेगळा असतो ना, आक्का? तो वेगळा कशानं होतो, फोनवर बोलला तर किती बदलतो, सर्दी झाली तर किती, ते बघायचं."

पहिल्याच वाक्यात तिनं 'आक्का' म्हटलं. साळूबाईला ते गोड लागलं. तिची एकुलती एक मुलगी पाचाडला दिलेली होती आणि घर भरल्यासारखं वाटत नव्हतं. म्हणजे तशी माणसं होती. धाकटा दीर चांगू होता, त्याची बायको शकू होती, त्यांचं तान्हं होतं. फक्त नवरा नव्हता. नवरा मुंबईला, गोदीत. शिमग्याला आणि गणपतीला यायचा.

नीलाताई साळूबाईच्या घरातच उतरली. माजघराशेजारची खोली तिनं मागून घेतली आणि तिथं चमत्कारिक काम आरंभलं. घरातल्या आणि शेजारपाजारच्या झाडून सगळ्या घोंगड्या नि गोधड्या आणून तिनं भिंतींवर टांगल्या. आवाज घुमू नये म्हणून. मग कोंबड्या हाकलल्या. मग गुरांच्या गळ्यांतल्या घंटा काढायला लावल्या. म्हातारा कोंडाजी वाडीचा गावकार, म्हणजे वाडीच्या वतीनं देवापुढं गाऱ्हाणं घालणारा नि गावकीची बैठक चालवणारा. तो त्या खोलीच्या दाराशी काठी घेऊन बसला आणि कोंबडी जरा कलकलली की तिच्या सात पिढ्या काढू लागला.

"गावकार, तुमचाच आवाज येतोय आत," नीलाताई हसून म्हणाली.

"माजा येऊ दे. माजा पन गोळा कर. कोंबडीचा फुकट कशाला?"

वाडी हसली. पण बोलायला पुढं कुणी होईना. परक्या बाईनं आपला आवाज पेटीत भरून न्यायचा, त्यावर नाव-गाव सांगायचं, ही गोष्ट कुणाच्या गळी उतरेना. संध्याकाळी ओटीवर सगळे जमले तेव्हा साळूबाईनंच तोंड फोडलं. "बाय, ह्ये नाव कशाला पायजेल? उद्या कुनी पोलिसात दिलं म्हंजे?"

नीलाताईनं पेटीतून फितीचं चाक काढून सगळ्यांना दाखवलं. तपकिरी, चकचकीत, रिबिनीसारखी फीत. शेजारी एक लहानशी कात्री ठेवली.

"हे बघा. नाव सुरुवातीला घ्यायचं ते फक्त माझा गोंधळ होऊ नये म्हणून. मुंबईला गेले की नावाचा तेवढा तुकडा मी ह्याच कात्रीनं कापणार आणि फीत परत जोडणार. मग उरला नुसता आवाज. कुणाचा, ते मलासुद्धा सांगता येणार नाही."

"कापशील?" साळूबाईनं विचारलं.

"कापीन, आक्का. शब्द देते."

साळूबाई उठली आणि वाडीकडं बघून म्हणाली, "बोला रे. पोर आपल्यातली हाय."

दुसऱ्या दिवसापासून काम लागलं. आणि तिथंच ती गोष्ट घडली, जी वाडीत कुणालाच चूक वाटली नाही.

कातळवाडीतले निम्मे बाप्ये बारा महिने मुंबईला. म्हणून गावकीची एक रीत पडलेली होती. बैठकीत कोंडाजी एकेका चुलीच्या मालकाचं नाव पुकारी आणि त्या चुलीचं जे कुणी हजर असेल ते 'हाय' म्हणे. भाऊ असो, पोरगा असो, तो मालकाच्या नावानं बसे आणि मालकाच्या नावानं बोले. त्यानं दिलेल्या शब्दाला मालक बांधील असे. पुढं मुंबईहून येऊन "मी कवा असं म्हनलो?" असं कुणी विचारल्याचं वाडीला आठवत नव्हतं. धोंडू पार्टेच्या चुलीचा धोंडू म्हणून चांगू बसे. बैठकीत त्याला चांगू म्हणून कुणी हाकही मारत नसे. "धोंडू, तुजं काय म्हननं?" असं विचारलं की चांगू उत्तर देई.

नीलाताईनं कोंडाजीला सांगितलं, पुरुष एकेक करून पाठवा. कोंडाजीनं त्याला येत होतं तसं केलं. चुली पुकारल्या. घराघरातलं जे हजर होतं ते मालकाचं नाव घेऊन आत गेलं. नीलाताई शिमग्याला आली असती तर सगळे मालक जागेवर सापडले असते. पण थंडीत कामाचा उरक होतो असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

आत गोधड्यांच्या अंधारात कंदील लावलेला. समोर काळा मायक्रोफोन. आधी नाव-गाव सांगायचं, मग नीलाताई म्हणेल ते वाक्य म्हणायचं. 'पाणी भरून ठेव, मी उशिरा येईन.' एकदा साधं, एकदा ओरडून, एकदा कुजबुजून, एकदा तोंडावर रुमाल धरून, आणि एकदा वायरीला जोडलेल्या फोनच्या रिसीव्हरात. एकजण डॉक्टरपुढं बसल्यासारखा आधीच आ करून बसला. दुसऱ्यानं कुजबुजायला साफ नकार दिला. "बायकोशी बी असं बोललो नाय कदी, तुज्याशी कसं बोलू?"

चांगू आत गेला तेव्हा साळूबाई नीलाताईला चहा द्यायला तिथंच उभी होती.

"नाव?"

"धोंडू राघो पार्टे. ऱ्हानार कातळवाडी."

नीलाताईनं मान वर केली. रोज पाणी आणून देणारा हा गडी. "आक्का, हे धोंडू ना?"

साळूबाईनं आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. 'धोंडू' हे तिच्या तोंडून 'हो' म्हणतानाही येणार नव्हतं आणि 'नाही' म्हणतानाही. शिवाय तिच्या लेखी नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच. चूल पुकारली होती, चुलीचा माणूस आला होता. तिनं लाजून हसून मान हलवली.

चांगू छान बोलला. रुमाल धरून बोलताना तर नीलाताई खूश होऊन म्हणाली, "असा आवाज मिळायला भाग्य लागतं."

जायच्या आधी नीलाताईला ताप भरला. साळूबाई रात्रभर तिच्या कपाळावर घड्या ठेवीत बसली, काढा पाजला, आणि बरी झाल्यावर नाचणीचं पीठ नि आमसुलं बांधून दिली. निघताना नीलाताई तिच्या गळ्यात पडून रडली. पुढं दिवाळीला एक कार्ड आलं, त्याच्या पुढच्या दिवाळीला आणखी एक. मग आलं नाही.

चौऱ्याऐंशीच्या शिमग्याच्या आधी महाडच्या मुरारीशेठच्या माणसांनी वाडीची देवरहाटी तोडली. मुरारीशेठ जंगलाचा ठेकेदार. शेजारचं मालकीचं रान त्यानं तोडायला घेतलं होतं, त्याच झटक्यात त्याची माणसं देवाच्या रानात शिरली आणि जुने ऐन, किंजळ आडवे करून घेऊन गेली. वाडी जाऊन भेटली तर शेठ म्हणाला, "हद्द कुठं लिहिलीय, दाखवा." देवरहाटीची हद्द लिहायची असते हे वाडीला ठाऊक नव्हतं.

मग शेठच्या घरी फोन यायला लागले. तोंडावर कापड धरून कुणीतरी बोलायचं. शेठचा पुतण्या आखाती देशातून टेपरेकॉर्डर घेऊन आला होता, त्यानं तो फोनला लावून ठेवला आणि त्यातला एक फोन पकडला: "देवाची झाडं तोडलीस. तुजी वखार ऱ्हायाची नाय." होळीच्या दुसऱ्या रात्री वखारीतल्या रचलेल्या लाकडांना आग लागली. आधी सगळे म्हणाले, होळीची ठिणगी उडाली. पण शेठनं कॅसेट पोलिसांत दिली आणि पोलिसांनी ती मुंबईला पाठवली.

ह्यातलं अवाक्षर कातळवाडीला माहीत नव्हतं. धोंडू शिमगा खेळून गोदीत परत गेला, पाऊस येऊन गेला, भातं पोटरीला आली, धोंडू गणपतीला आला. गौरी-गणपती पोचवले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस वर चढून आले, ओटीवर उभे राहिले आणि म्हणाले, "धोंडू राघो पार्टे कोण?"

चांगू अंगणात लाकडं फोडत होता. त्याची कुऱ्हाड थांबली. धोंडू आतून टॉवेल खांद्यावर टाकत बाहेर आला. "मी."

साळूबाई कोंडाजीला घेऊन पोलादपूरला गेली. फौजदार तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं बाईला बाकावर बसवलं आणि म्हणाला, "बाई, रडून उपयोग नाही. पुरावा पक्का आहे. तुम्हीच ऐका."

त्यानं मशीन लावलं.

"धोंडू राघो पार्टे. ऱ्हानार कातळवाडी. पाणी भरून ठेव, मी उशिरा येईन."

साळूबाईला आधी आला तो राग. नाव कापलं नव्हतं. ओटीवर, सगळ्या वाडीसमोर कात्री दाखवली होती आणि नाव जसंच्या तसं होतं. मग लगेच तिच्या छातीवरचा धोंडा उतरला, कारण हा आवाज तिच्या नवऱ्याचा नव्हताच! ती बोलायला उठलीसुद्धा. तेवढ्यात फौजदारानं दुसरी कॅसेट लावली, शेठच्या फोनची. रुमालातून आलेला, दाबलेला, पण तिनं लहानाचा मोठा केलेल्या चांगूचा आवाज.

ती पुन्हा खाली बसली.

"दोन्ही एकच, हे मशीननं काढलंय," फौजदार म्हणाला. "आणि खरं सांगू? मशीनच्या आधी त्या मॅडमनी ओळखलं. नीला मॅडम. फोन ऐकल्या ऐकल्या म्हणाल्या, ही बोली मी गोळा केलीय, माझ्या फितींशी लावून बघा."

"ती म्हनाली?"

"त्यांनीच तर धागा दिला."

परतीच्या चढावर कोंडाजी काहीतरी बोलत होता. साळूबाईला ऐकू येत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं कपाळावरची घडी येत होती. तापानं फणफणलेलं ते कपाळ.

ती लग्न होऊन आली तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली होती आणि चांगू उघडा नागडा अंगणात हिंडत होता. सासू गेली आणि साळूनं त्याला वाढवलं. त्याच्या खरजेला करंजीचं तेल लावलं, त्याला शाळेत घातलं, शाळेतून पळाला तर पाठीत धपाटा घातला आणि मग जवळ घेतलं. त्याची शकू तिनंच शोधून आणली. त्या संध्याकाळी तिनं त्याला गोठ्यामागं गाठलं.

"फोन तू केलास."

चांगू बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "केला. लाकडं मी नाय पेटवली, वयनी. पोराची आन."

"मंग जा नि तेवढंच सांग. फोन माजा, आग माजी नाय."

"मानतील?"

"नाय मानले तर नाय. पन तुजा भाऊ आत बसलाय ना रे!"

चांगू तिच्याकडं वळला. एवढ्या वर्षांत तिनं त्याचं तसं तोंड पाहिलं नव्हतं. "मी किती वरसं बसलो त्याच्या नावानं? गावकीत दंड पडला तरी धोंडू म्हनून खाली मान घातली. देवळाच्या कामाला राबलो, नाव धोंडूचं लागलं. त्या बाईच्या पेटीत बोललो तर तिथं बी धोंडू. मला नाव हाय काय ह्या वाडीत? आता एकदा तो बसला माज्यासाठी, तर काय झालं?"

"चांगू..."

"उद्या जातो. सांगतो. बास?"

सकाळी तो नव्हता. शकू चुलीपुढं पोराला भरवत होती. ती नजर न उचलता म्हणाली, "मुंबईला गेलेत. भावजींच्या जागेवर बदलीत लावतील म्हनून."

म्हणजे भावाच्या नावावर, भावाच्या कामाला. साळूबाईनं हंडा उचलला. ती पाण्याला गेली आणि विहिरीवर हंडा बुडवून तशीच धरून उभी राहिली.

मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाकडं तिनं निरोप दिला. एकानं उत्तर आणलं, "वयनीला म्हनावं, थोडं थांबा, सांगतो." त्यापुढं कुणाला तो भेटला नाही. भेटला तरी त्यांनी तसं सांगितलं नाही.

धोंडूला महाडला ठेवलं होतं. वकिलानं भेट करवली. गजांच्या पलीकडं तो दाढी वाढवून बसला होता आणि पहिल्यांदा त्यानं विचारलं, "भात कसं हाय?"

"भात जाऊ दे. वकील काय म्हनतात ऐकलंव? तुमी त्यांच्या मशीनमदी नुसतं बोला. तुमचा आवाज जुळायचा नाय. घरी याल."

"ऐकलं."

"मंग?"

"मंग इचारतील ना, फितीवर कोन हाय."

"इचारू देत!"

धोंडू कमी बोलणारा माणूस. गोदीत ओझी वाहून खांदे गेलेले, पण कधी कुरकुरला नाही. "माज्या नावानं बोलला ना तो? गावकीत बसल्यावानी? मंग ते माजंच बोलनं झालं. नाय कसं म्हनू?"

"आवो, ही गावकी नव्हती. पोलिसांची फीत हाय ही."

"तेव्हा कुनाला म्हाईत व्हतं? तुला व्हतं?"

साळूबाईनं गजावरचा हात काढून घेतला.

"ल्हान हाय तो," धोंडू म्हणाला. "येईल. सोता येईल नि सांगेल."

"एका पोराचा बाप हाय."

"येईल," धोंडू म्हणाला.

दिवाळी उलटल्यावर महाडच्या कोर्टात तारीख लागली. धोंडूनं आवाज दिला नाही, म्हणून सगळं त्या जुन्या फितीवर आलं होतं, आणि फितीवरचा माणूस धोंडूच हे सांगायला नीलाताई येणार होती. वकील म्हणाला, "ती बाई तुम्हाला ओळखते ना? मग तिला विचारा तरी, नक्की कुणाला बोलतं केलं होतं. तिला शंका आली तरी पुरे."

साळूबाई पहाटेच्या एसटीनं येऊन कोर्टाच्या व्हरांड्यात बसली होती. जीप आली. नीलाताई उतरली ती जरा जाड झालेली, केस कापलेले, हातात चामडी बॅग. साळूबाईला पाहून तिची पावलं अडखळली.

"आक्का."

"नाव कापशील म्हनालीस गो."

नीलाताई इकडं तिकडं बघून जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "मूळ फीत कापता येत नाही, आक्का. प्रयोगशाळेचा तसा नियमच आहे."

"तवा कुटं व्हता ह्यो नियम?"

"तेव्हाही होता."

"मंग बोललीस कशाला?"

"नाहीतर तुमच्यातलं कुणी बोललंच नसतं," नीलाताई म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला ते ऐकू आलं असावं, कारण तिनं चष्मा काढून पुसायला घेतला. "मला काय कल्पना होती, त्यात तुमचंच माणूस निघेल? खरंच वाईट वाटतंय मला."

"माजं मानूस नाय त्यात. तेच सांगाया थांबलेय." साळूबाईनं तिचं मनगट धरलं. "बाय, नीट ऐक. त्या दिवशी आत बसला तो ह्ये नव्हते. ह्ये मुंबईला व्हते. तुला रोज पानी आनून देत व्हता तो आठवतो ना? त्यो माजा दीर. ह्यांच्या नावानं बोलला. आमच्यात तशी रीत हाय."

नीलाताईनं दुसऱ्या हातानं चष्मा डोळ्यांवर चढवला.

"नावानं बोलला म्हणजे?"

साळूबाईनं सांगितलं. चुली पुकारणं, मालकाच्या नावानं बसणं, सगळं. सांगताना तिला बरं वाटत होतं. वाटत होतं, आता ही आत जाईल आणि म्हणेल, थांबा, घोटाळा झालाय. नीलाताई लक्ष देऊन ऐकत होती, अगदी ओटीवर ऐकायची तशी.

"असे किती जण बोलले, आक्का? दुसऱ्याच्या नावानं?"

"निम्मे तर असतीलच. बाकीचे मुंबईला ना गो."

"आणि शेजारच्या वाड्यांत?"

"तिकडं बी हीच रीत."

नीलाताई भिंतीला टेकली. तीन वर्षं ती त्या फितींवर काम करत होती. त्यांच्यावर तिनं निबंध वाचले होते, तिला बढती मिळाली होती, आणि 'माणूस एक, आवाज एक' हे ती त्या फितींच्या जोरावर सांगत फिरत होती. साळूबाईला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसलं की पोरीच्या चेहऱ्यावरनं काहीतरी सरकत गेलं आणि मग तो चेहरा बंद झाला. दार लावून घ्यावं तसा.

"हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलंय?"

"वकिलाला नाय. दिराचं नाव येतं ना त्यात. तुलाच पयल्यांदा."

"बरं," नीलाताई म्हणाली. तिनं हलकेच मनगट सोडवून घेतलं आणि आत गेली.

सरकारी वकिलानं विचारलं, फितीवरचा आवाज कुणाचा? नीलाताईनं पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले. "धोंडू राघो पार्टे यांचा. मी स्वतः त्यांच्या घरी राहून ध्वनिमुद्रण केलं आहे. नाव त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं आणि घरातल्यांनी त्याला दुजोरा दिला."

घरातल्यांनी. साळूबाई बाकावरून उभी राहिली. पट्टेवाल्यानं खाली बसवलं. नीलाताई पिंजऱ्यातून उतरली, तिच्या अगदी जवळून गेली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बाहेर पडली. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

धोंडू आरोपीच्या जागी बसला होता. तो दाराकडं बघत होता. कुणी आलं की बघायचा. दुपारपर्यंत तो तसाच दाराकडं बघत होता, आणि दारात येत होते ते वकील, पोलीस आणि दासगावच्या कुठल्याशा बांधाच्या भांडणातले लोक.

ते बघणं साळूबाईला सोसलं नाही. कोर्ट उठल्यावर तिनं वकिलाला गाठलं. "लिवून घ्या," ती म्हणाली.

पुढच्या तारखेच्या आदल्या सांजेला तिनं शकूला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. ती काय बोलणार, कुणाचं नाव घेणार, ते. पाठीमागं काही करायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. शकू ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "बाय, तुमीच मला ह्या घरात आनलीत."

"व्हय."

"येवढंच म्हनते."

ती पिंजऱ्यात उभी राहिल्यावर कारकुनानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?" कोर्टातल्या दोघा-तिघांना सवयीनं हसू आलं, आता ही बाई लाजणार म्हणून. साळूबाई लाजली नाही. "धोंडू राघो पार्टे," ती म्हणाली. "आनि फितीवर ते नायत. फितीवर चांगू राघो पार्टे. माजा दीर. फोनवर बी तोच. आग त्यानं लावली नाय म्हनतो. ते मला म्हाईत नाय."

धोंडूनं डोळे मिटले होते.

मग कोंडाजीला बोलावलं. "त्या दिवशी धोंडू वाडीत हजर होता का?" असं विचारल्यावर म्हातारा म्हणाला, "नावानं व्हता. अंगानं नव्हता." न्यायाधीशांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. गोदीच्या हजेरीवरूनही तेच निघालं. पोलिसांनी चांगूला मुंबईत उचललं, आणि धोंडूला सोडलं. नीलाताईला पुन्हा बोलावलं की नाही, तिच्या फितींचं काय झालं, हे कातळवाडीला कुणी कळवलं नाही.

सुटला त्या दिवशी साळूबाई त्याला न्यायला आली. तिनं धुतलेलं धोतर आणि टोपी आणली होती. त्यानं ती घेतली, घातली. महाडच्या स्टँडवर ती चहा आणायला निघाली तर तो नको म्हणाला. एसटीत ती बायकांच्या बाकावर बसली, तो मागं जाऊन बसला. पोलादपूरला उतरून तो पुढं चालायला लागला. ती मागून. उमरठ मागं पडलं, चढण लागली. देवरहाटीच्या तोडलेल्या बुंध्यांपाशी तो थांबला.

"तो आला असता," धोंडू म्हणाला.

"नसता आला."

"आला असता. थोडं थांबायचं व्हतंस." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर साळूबाईला बरं वाटलं असतं. "मी थांबलो व्हतो ना? माजं मी बगून घेतलं असतं. तू माज्या भावाला दिलास."

तिच्या तोंडाशी खूप काही आलं. कात्री आली, घोंगड्या आल्या, 'मला नाव हाय काय' म्हणणारं तोंड आलं, कोर्टाच्या दाराकडं बघत बसलेला हा माणूस आला. ज्यानं त्यानं तिला शब्द दिला होता आणि ज्याचा त्याचा शब्द तिनं खरा मानला होता. आणि आता शेवटी शब्द मोडणारी कोण, तर ती.

"दिला," ती म्हणाली. "तुमाला आनाया दुसरं काय नव्हतं माज्यापाशी."

तो चालू लागला.

घरात चूल पेटलेली होती. शकूनं पोराला ओटीवर निजवलं होतं. तिनं धोंडूच्या पायांवर पाणी घातलं, "भावजी, बसा," म्हणाली आणि पाट मांडला. ताट वाढलं. एकच. भाकरी, पातळ भाजी, कडेला मीठ. मग ती चुलीकडं तोंड करून बसली.

धोंडू जेवू लागला. साळूबाई दारात उभी होती. थोड्या वेळानं ती आत आली, फळीवरचं आपलं ताट काढलं, दुरडीतली भाकरी घेतली आणि भिंतीशी बसून खाऊ लागली. कुणी तिला बस म्हटलं नाही की ऊठ म्हटलं नाही. तिनं पुरती भाकरी खाल्ली.